सोवळ्यातील रसायन आणि पहिल्या मानाचा खटला

डिचोलीस आमच्या घरामागील विहिरीवर माझ्या लहानपणी पितळेची कळशी असे व तिच्या गळ्यास काथ्याचा दोर असे. दोर पावसाळ्यात कुजे, म्हणून दर वर्षी चवथीपूर्वी तो नवा घ्यावा लागे. १९८० नंतरच्या दशकात केव्हातरी प्रथम दोर बदलला. निळसर, गुळगुळीत, पाण्यावर तरंगणारा, न कुजणारा असा तो नवा दोर पाहण्यास शेजारीपाजारी आल्याचे मला आठवते. मागोमाग कळशी बदलली. पितळेची माळ्यावर गेली, तेथून एके दिवशी मोडीत गेली. लाल प्लास्टिकची कळशी विहिरीच्या काठावर येऊन बसली. ती हलकी होती, चिंचेने घासावी लागत नव्हती, आणि आईच्या कमरेस तिचा भार वाटत नव्हता. डिचोलीच्या कांसारांचे काय होणार, हा प्रश्न त्या वेळी आमच्या घरी कोणी विचारल्याचे स्मरत नाही.

आपल्या समाजात नव्या माणसाची ओळख होताच गाव कोणते, कूळ कोणते, कुलदैवत कोणते, असे विचारण्याची चाल आहे. या कळशीस तो प्रश्न कोणी केला नाही. मी व्यवसायाने वकील. दस्तऐवज उकरून मूळ पुरुषापर्यंत जाणे हा माझा रोजचा उद्योग. तेव्हा या लाल कळशीचे आणि निळ्या दोराचे कूळ शोधण्याचा हा प्रयत्न आहे. तो करताना मला एक असा खटला सापडला की देवस्थानांच्या मानापानाचे दावे चालवणाऱ्यास तो आपल्याच घरचा वाटावा.

कळशीची मूळ माता म्हणजे एथिलीन नावाचा वायू. दोन कार्बन, चार हायड्रोजन, आणि कार्बनांमध्ये दुहेरी बंध, एवढाच त्याचा संसार. दोराची माता प्रोपिलीन. तिच्यात एक कार्बन अधिक, तो बाजूस फांदीसारखा लोंबणारा. अशा वायूंचे हजारो रेणू एकापुढे एक जोडून लांब साखळी करणे यास बहुवारिकीकरण म्हणतात. २७ मार्च १९३३ रोजी इंग्लंडात आय. सी. आय. कंपनीच्या प्रयोगशाळेत फॉसेट आणि गिब्सन या दोघांस एथिलीनवर हजाराहून अधिक वातावरणांचा दाब दिला असता तळाशी मेणासारखा पांढरा पदार्थ मिळाला. हेच पहिले पॉलिथिन. (आपल्या देवस्थानांच्या महाजनकीचा पोर्तुगीज कायदाही १९३३ चाच, दोन्हींचा परस्पर संबंध काही नाही, पण तारखा लक्षात ठेवण्यास सोय होते.) दुसऱ्या महायुद्धात रडारच्या तारांवर त्याचे वेष्टण चढले. परंतु त्या पॉलिथिनच्या साखळ्यांना जागोजागी फांद्या फुटलेल्या असत. त्यामुळे त्या एकमेकींशी नीट बसत नसत, पदार्थ मऊ राही आणि कढत पाण्याने वाकडा होई. त्याची पिशवी होऊ शके. घट्ट उभी राहणारी कळशी होणे कठीण. प्रोपिलीन तर या दाबाच्या मार्गाने उपयोगी घन पदार्थ देण्यास तयारच नव्हते.

मार्ग निघाला तो जर्मनीच्या रुर खोऱ्यात, म्यूलहाइम गावी. तेथे दगडी कोळशाच्या संशोधनाची एक संस्था होती. १९४३ मध्ये तिच्या संचालकपदी कार्ल त्सीग्लर यांना बोलावले तेव्हा त्यांनी अट घातली, की माझे संशोधन कोळशाशी बांधलेले असणार नाही. मला जे सुचेल ते मी करीन. कोळशाच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेने ही अट मान्य केली, हे तिचे मोठेपण म्हटले पाहिजे. १९५० नंतर आपल्या डिचोली महालातील लोहखनिज बार्जेसमधून मुरगाव बंदरात आणि तेथून जपानास व पश्चिम जर्मनीस जाऊ लागले होते. त्यातले काही रुरच्या भट्ट्यांतही वितळले असेल. ज्या खोऱ्याकडे आपला डोंगर चालला होता, त्याच खोऱ्यातून आपली कळशी निघावयाची होती.

त्सीग्लर यांचे जन्मभराचे वेड म्हणजे कार्बन आणि धातू यांचा प्रत्यक्ष बंध असलेली संयुगे. अशा संयुगांचा स्वभाव मोठा तामसी. अॅल्युमिनियमला तीन एथिल गट जोडले की जो द्रव मिळतो, त्यास हवेचा स्पर्श होताच तो पेट घेतो. पाण्याचा थेंब पडला तर स्फोट होतो. म्हणून सर्व काम कोरड्या नायट्रोजनच्या किंवा आर्गॉनच्या आवरणात करावे लागते. भांडे तापवून कोरडे करावयाचे, द्रावक शुद्ध करावयाचा, हवेस शिवू द्यावयाचे नाही. शिरगावच्या लईराईचे धोंड जत्रेपूर्वी घरापासून वेगळे राहून जे कडक व्रत पाळतात, त्याची आठवण व्हावी इतके हे सोवळे कडक. फरक एवढाच की आपल्या सोवळ्यात पाण्याने शुद्धी होते, आणि येथे पाण्यानेच विटाळ होतो.

त्सीग्लर यांना आढळले होते, की या अॅल्युमिनियमच्या संयुगास दाबाखाली एथिलीन दिले तर वायूचे रेणू धातू आणि एथिल गट यांच्या मध्ये एकामागून एक शिरतात व साखळी वाढत जाते. पण ती शंभरएक कार्बनांपुढे जाईना. १९५२ च्या सुमारास हाच प्रयोग करताना एक विचित्र प्रकार झाला. साखळी मुळीच वाढेना. एथिलीनचे दोनच रेणू जोडले जाऊन ब्यूटीन मिळू लागले. दुसरा कोणी असता तर त्याने भांडे घासून प्रयोग पुन्हा केला असता. होल्झकाम्प या विद्यार्थ्याने चिकाटीने शोध घेतला, तेव्हा दोषी सापडला: पोलादी भांड्याच्या पृष्ठावरून आलेले निकेल धातूचे नखभर अंश. आता विचार असा झाला, की निकेल जर साखळी तोडत असेल, तर एखादी धातू ती लांबवीतही असेल. मग धातूंची एकेक परीक्षा सुरू झाली. ब्राइल या दुसऱ्या विद्यार्थ्याला झिर्कोनियमने यश दिले. ऑक्टोबर १९५३ च्या अखेरीस हाइन्झ मार्टिन यांनी टायटॅनियमचे क्लोराइड घेतले, आणि आश्चर्य घडले: दाब नको, भट्टी नको; साध्या काचेच्या भांड्यात, नेहमीच्या हवेच्या दाबाखाली, एथिलीन सोडताच पांढरा चुरा जमू लागला. पुढे त्सीग्लर हा प्रयोग मुरंब्याच्या बरणीसारख्या काचपात्रात करून दाखवीत. जेथे तोफेच्या नळीसारखी पोलादी पात्रे लागत, तेथे स्वयंपाकघरातील बरणी पुरली.

ही साखळी कशी वाढते ते समजण्यास आपल्या देवळासमोर अबोलीची वळेसर गुंफणाऱ्या बाईकडे पाहावे. गुंफलेला भाग खाली लोंबत राहतो. नवे फूल टोकास लागत नाही, ते तिच्या बोटांपाशी, दोऱ्याच्या आणि मागील फुलाच्या मध्ये बसते. येथे बोटे म्हणजे टायटॅनियम. साखळीचे वाढते टोक सदैव धातूस धरून असते आणि प्रत्येक नवा रेणू धातू व साखळी यांच्या मध्ये शिरतो. मोकळ्या हवेत इतस्ततः फांद्या फुटण्यास त्यामुळे वाव राहत नाही. साखळी सरळ होते, साखळ्या एकमेकींस लागून बसतात, पदार्थ घट्ट होतो आणि सुमारे १३० अंशांपर्यंत वितळत नाही. आरंभी धातूस चिकटलेला एथिल गट मात्र साखळीच्या दूरच्या टोकास कायमचा राहतो. म्हणून या संयुगास उत्प्रेरक म्हणावे की आरंभक, असा शब्दाचा वाद रसायनज्ञांत चालतो. उत्प्रेरक स्वतः खर्च होत नाही. याचा एक तुकडा तर मालातच जातो. वकिलाच्या दृष्टीने हा वाद क्षुल्लक नव्हे, कारण एकस्वाच्या, म्हणजे पेटंटच्या, अर्जात एकेका शब्दावर लक्षावधींचा निकाल लागतो.

येथून आपण इटलीस जाऊ. मिलानच्या तंत्रविद्यापीठात जूलिओ नात्ता नावाचे प्राध्यापक होते. १९५२ मध्ये फ्रांकफुर्ट येथे त्यांनी त्सीग्लर यांचे व्याख्यान ऐकले, त्याचे मर्म तत्काळ ओळखले, आणि माँतेकातीनी या इटालियन कंपनीमार्फत करार घडवून आणला. करारान्वये कंपनीस त्सीग्लर यांच्या शोधांची माहिती मिळावयाची होती, व इटलीतून तरुण रसायनज्ञ म्यूलहाइमला शिकावयास गेले. नोव्हेंबर १९५३ मध्ये त्सीग्लर यांनी जर्मनीत एकस्वाचा अर्ज केला. अर्ज एथिलीनपुरता होता. प्रोपिलीनवर काम चालू होते, पण त्यांना घाई नव्हती.

नात्तांना घाई होती. ११ मार्च १९५४ रोजी त्यांच्या प्रयोगशाळेत प्रोपिलीनपासून घन पदार्थ निघाला. नात्तांची खरी थोरवी मात्र त्यापुढची आहे. क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना वाचण्यात ते निष्णात होते. या पदार्थाचा काही भाग स्फटिकरूप आहे हे पाहताच त्यांनी ताडले, की प्रत्येक कडीवर लोंबणारा तो तिसरा कार्बन साखळीभर एकाच बाजूस आहे. वळेसरीतील प्रत्येक फुलाचे देठ एकाच बाजूस वळलेले असावे, तसे. बोटांनी, म्हणजे धातूने, प्रत्येक रेणू एकाच बाजूने आत घेतला होता. या रचनेस आयसोटॅक्टिक हे नाव सुचवले नात्तांच्या पत्नीने, त्या साहित्याच्या विदुषी होत्या. अशी शिस्तबद्ध साखळी निसर्ग करतो हे ठाऊक होते. मनुष्यानेही ती करून दाखवली. तिच्यापासून तयार होणारा पदार्थ सुमारे १६५ अंशांपर्यंत वितळत नाही आणि त्याचा धागा ओढून उत्तम दोर होतो. आमच्या विहिरीवरचा तोच निळा दोर.

(त्याच १९५४ च्या १५ ऑगस्टला आपल्या पेडणे महालात, तेरेखोलच्या किल्ल्यावर, आल्फ्रेद आफोंसो यांच्या तुकडीने तिरंगा लावला होता. त्या वर्षी आपल्यापैकी कोणास मिलानच्या बातमीचे काय होय!)

८ जून १९५४ रोजी इटलीत प्रोपिलीनचा अर्ज दाखल झाला. त्सीग्लर यांना त्याची कल्पना नंतर आली. त्यांनी स्वतःचा अर्ज ऑगस्टमध्ये केला, तोवर मान गेला होता. ज्यास विश्वासाने गाभाऱ्यापर्यंत नेले त्यानेच पालखीस पहिला खांदा दिला, अशी काहीशी त्यांची भावना झाली. संबंध दुरावले. कायद्याने पाहता नात्तांचे वर्तन चूक म्हणता येईल काय? करारात माहिती देण्याची तरतूद होती, न वापरण्याची नव्हती. नीतीने पाहता मला त्सीग्लर यांची बाजू जड वाटते. गुरूच्या सामग्रीने केलेला शोध गुरूस कळवण्यास एक पोस्टकार्ड पुरले असते. तरी हेही खरे, की बोटे त्सीग्लर यांची असली तरी देठांची दिशा नात्तांनीच ओळखली. १९६३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोघांस मिळून देण्यात आले, व स्टॉकहोमला दोघे एकाच व्यासपीठावर उभे राहिले. नात्तांना तोवर कंपवाताने ग्रासले होते.

खरा खटला पुढे अमेरिकेत झाला. तेथील जुना कायदा असा होता, की ज्याने आधी अर्ज केला त्याचा नव्हे, ज्याने आधी शोध लावला त्याचा हक्क. हा नियम तेथे थेट २०१३ पर्यंत चालला. त्यात एक पोटकलम असे, की परदेशात केलेल्या प्रयोगांची तारीख पुरावा म्हणून चालणार नाही. परदेशी माणसाने फार तर आपल्या देशातील अर्जाची तारीख सांगावी. म्हणजे ११ मार्चची नात्तांची वही अमेरिकन न्यायाधीशापुढे कोरी. १९५८ मध्ये स्फटिकरूप पॉलिप्रोपिलीनचा पहिला मान कोणाचा, यावर पेटंट कचेरीपुढे पाच कंपन्या उभ्या राहिल्या. तेरा वर्षांनी, १९७१ मध्ये, कचेरीने नात्तांच्या बाजूस, म्हणजे माँतेकातीनीची उत्तराधिकारी माँतेदिसन हिला, कौल दिला. हरलेल्यांनी न्यायालय गाठले. १९८० मध्ये डेलावेअरच्या न्यायालयाने तो कौल फिरवला आणि हक्क दिला फिलिप्स पेट्रोलियम या ओक्लाहोमाच्या तेल कंपनीस. कारण १९५१ मध्येच तिच्या होगन आणि बँक्स या दोघा रसायनज्ञांना, पेट्रोलचे घटक करण्याच्या खटपटीत, क्रोमियमयुक्त उत्प्रेरकावर प्रोपिलीनपासून एक पांढरा घन पदार्थ मिळाला होता व जानेवारी १९५३ मध्ये कंपनीने अर्ज ठोकला होता. त्यांच्यापाशी त्सीग्लरची कार्ब-धातू संयुगे नव्हती, नात्तांचे सिद्धांतही नव्हते. पदार्थ मात्र होता, आणि तारीख होती. अपिलातही निकाल कायम राहिला. १९८३ मध्ये फिलिप्सच्या हाती एकस्व पडले, ते २००० पर्यंत चालले. तीस वर्षे जुन्या शोधावर पुढील सतरा वर्षे जगभरच्या कारखानदारांनी अमेरिकेत खंडणी भरावी, हा न्याय की न्यायाचा विनोद, हे मी सांगू शकत नाही. देवस्थानांचे दावे तीन पिढ्या चालतात म्हणून आपण हसतो. आपण एकटे नाही, एवढे समाधान.

हिंदुस्थानात हा खटला उभाच राहिला नसता, आणि याचे श्रेय आपल्या कायद्यास आहे. १९११ चा ब्रिटिश कायदा येथे चालू असता बहुतेक एकस्वे परदेशीयांच्याच हाती होती. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये या स्थितीवर अहवाल दिला, व त्यातून १९७० चा कायदा आला; त्याचा अंमल २० एप्रिल १९७२ पासून झाला. अन्न, औषधे आणि रासायनिक क्रियेने होणारे पदार्थ यांच्या बाबतीत पदार्थावर एकस्व नाही, करण्याच्या कृतीवर तेवढे मिळेल, असे त्याने ठरवले. म्हणजे पॉलिप्रोपिलीन ही वस्तू कोणाची खाजगी मालमत्ता होऊ शकत नव्हती. दुसरी वाट काढा आणि तोच माल करा. ही मोकळीक १ जानेवारी २००५ रोजी, जागतिक व्यापार कराराच्या बंधनामुळे, संपली. औषधांच्या संदर्भात या कायद्याची वाखाणणी पुष्कळ झाली आहे, बादल्यांच्या संदर्भात कोणी करत नाही.

आपल्याकडे त्सीग्लरची विद्या प्रथम उतरली ती ठाण्याच्या खाडीकाठी. त्सीग्लरकडून परवाना घेऊन घट्ट पॉलिथिन करणाऱ्या आद्य कंपन्यांपैकी जर्मनीची होएख्स्ट ही एक. तिच्या सहकार्याने मफतलाल समूहाने पॉलिओलेफिन्स इंडस्ट्रीज ही कंपनी काढली, आणि १९६८ मध्ये ठाणे-बेलापूर रस्त्यावर कारखाना सुरू झाला. शेजारच्या नोसिलच्या कारखान्यात नाफ्था फोडून एथिलीन निघे, ते येथे येई. आपल्या बाजारांत पहिल्यांदा आलेल्या घट्ट बादल्यांचा व कळशांचा कच्चा माल पुष्कळसा येथला असला पाहिजे. पॉलिप्रोपिलीन देशात होऊ लागले ते बडोद्यास, इंडियन पेट्रोकेमिकल्सच्या कारखान्यात, १९८० च्या थोडे आधी. याच सरकारी कंपनीने पुढे मुंबई हायच्या वायूवर चालणारा संच रायगड जिल्ह्यात नागोठण्यास उभारला. गोव्याहून मुंबईस रात्रीच्या बसने जाणारे आपण सर्व त्याच्या जवळून जातो. कोलाड गेले, नागोठणे आले, आता पेण, एवढेच अर्धवट झोपेत आपल्या मनात येते.

विद्येच्या बाजूने पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. १९८९ ते १९९५ तिचे संचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, आपल्या माशेलचे, देवकीकृष्णाच्या गावचे. १९४३ चा त्यांचा जन्म. वडील लवकर वारले, आईने मुंबईस कष्ट करून वाढवले. त्यांचा विषय उत्प्रेरक नव्हे, बहुवारिकांचे प्रवाह व जेली यांचे वर्तन, हे येथे स्पष्ट करणे बरे. आपल्या माणसास दुसऱ्याचा मान देणे हाही एक प्रकारचा अन्यायच. हळदीवरील अमेरिकन एकस्व १९९७ मध्ये रद्द करवून घेण्यात मात्र त्यांच्या नेतृत्वाचा वाटा सर्वश्रुत आहे. प्रत्यक्ष त्सीग्लर-नात्ता परंपरेत पुण्यास काम केले ते डॉ. स्वामिनाथन शिवराम यांनी. ते बडोद्याच्या कंपनीतून पुण्यास आले व २००२ ते २०१० संचालक होते. मेटॅलोसीन नावाच्या नव्या पिढीच्या उत्प्रेरकांवर त्यांच्या गटाने पुष्कळ काम केले.

या मेटॅलोसीनची कथा सोवळ्याच्या संदर्भात सांगण्याजोगी आहे. १९७५ च्या सुमारास हांबुर्ग येथे सिन आणि कामिन्स्की यांच्या प्रयोगशाळेत मेटॅलोसीन व अॅल्युमिनियमचे मिथिल संयुग यांचे मिश्रण एथिलीनवर स्वस्थ बसे. एकदा चुकून थोडे पाणी आत गेले. सर्व नासणार, असे पंचवीस वर्षांचे शास्त्र सांगत होते. झाले उलटे, क्रिया भडभडून चालू झाली. पाण्याशी संयोग होऊन जे नवे अॅल्युमिनियम संयुग तयार झाले, तेच मेटॅलोसीनला जागे करणारे होते. विटाळ म्हणून ज्यास दारातून हाकलले त्यावाचून पूजाच होत नव्हती. असो.

इतके कूळ सांगितल्यावर कळशीच्या अंत्यसंस्काराचे काय? साखळी सारी कार्बन-कार्बनची. जिवाणूंना दात रोवण्यास तीत जागा नाही. गोव्याने १९९६ मध्ये न कुजणाऱ्या कचऱ्याच्या नियंत्रणाचा कायदा केला, तो देशातील आरंभीच्या अशा कायद्यांपैकी. १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकावयाच्या कित्येक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आहे. कायद्याचा मसुदा चांगला, अंमल कसा हे कोणत्याही देवळाच्या तळीत जत्रेच्या दुसऱ्या दिवशी डोकावून पाहावे. कळशी आणि दोर त्या यादीत नाहीत, आणि नसावेत असेच माझे मत आहे. आईच्या कमरेचा भार त्यांनी हलका केला, हे विसरून कांसारांसाठी नुसते उसासे टाकणे मला अप्रामाणिक वाटते.

फक्त निळ्या दोराबद्दल एक. तो कुजत नाही हे खरे, पण प्रोपिलीनच्या साखळीत जेथे तो तिसरा कार्बन लोंबतो, तेथेच ऊन आणि हवा तिला तोडतात. वर्षानुवर्षे रहाटावर उन्हात राहिलेला दोर ठिसूळ होतो व त्याचे केसाएवढे तंतू झडतात. गेल्या वर्षी वैशाखात आमची विहीर उपसली, तेव्हा तळच्या गाळातून ते निळे तंतू मूठभर निघाले. उपसणाऱ्याने ते काठावर ठेवले आणि विचारले, हे कुठे टाकू?